परिवीक्षेचे तीस दिवस

शासकीय मराठीने 'प्रोबेशन'ला 'परिवीक्षा' हा प्रतिशब्द दिला, तेव्हा तो घडवणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे बहुधा वरिष्ठाची नजर असावी. नव्या माणसाकडे काही काळ चहूबाजूंनी पाहायचे, आणि तो उतरला तर त्याला 'कायम' करायचे. शब्दाची फोड केली तर मात्र त्यात कोणी कोणाकडे पाहायचे हे कोठेच सांगितलेले नाही. घरोघर पार्सले पोचवणाऱ्या नव्या चालकाच्या संदर्भात आम्हांला हा प्रश्न महत्त्वाचा वाटतो. त्याच्या कामाचे मर्मच पाहण्यात आहे, आणि तीस दिवस त्याच्याकडे पाहणाऱ्यांना बहुधा आकडाच दिसतो.

उदाहरण घेऊ ते अमेरिकेतील युनायटेड पार्सल सर्व्हिसचे. १९०७ साली सिअ‍ॅटलमध्ये निरोप्यांची कंपनी म्हणून सुरू झालेली ही संस्था आज तिच्या तपकिरी गाड्यांमुळे ओळखली जाते. तेथील चालक संघटित आहेत. त्यांचे करार होतात, त्यांना ज्येष्ठतेचे हक्क असतात. पण हे हक्क परिवीक्षा संपल्यावर. कित्येक विभागांच्या करारांत ही मुदत तीस कामाच्या दिवसांची आहे. त्या काळात चालकाला कामावरून कमी केले तर त्याला दाद मागता येत नाही. हातून अपघात घडला, तर बहुधा तेथेच सारे संपते.

साहित्याच्या अभ्यासकाला कुतूहल वाटावे अशी गोष्ट पुढे आहे. या चालकाचे शिक्षण सुरू होते ते पाठांतराने. रस्त्यावर कसे पाहावे याच्या पाच सवयी त्याला शब्दशः म्हणून दाखवाव्या लागतात : नजर दूरवर ठेवावी, सभोवतालचे समग्र चित्र ध्यानात घ्यावे, डोळे सतत फिरते ठेवावेत, निसटायला जागा राखावी, आणि इतरांनी आपल्याला पाहिले आहे याची खात्री करून घ्यावी. हॅरोल्ड स्मिथ या गृहस्थाने १९५२च्या सुमारास प्रचारात आणलेल्या शिकवणीचा हा वारसा. एक शब्द चुकला तरी पर्यवेक्षक पुन्हा म्हणायला लावतो. आपल्याकडे घोकंपट्टीची टवाळी करण्याची फॅशन आहे, आणि आम्हीही वर्गात ती पुष्कळ केली आहे. पण येथे तिला हसावे असे आम्हांला वाटत नाही. पाठ झालेले वाक्य चौकात, घाईच्या क्षणी, आपोआप वर येते. मुखोद्गत परंपरेत वाढलेल्या समाजाला हे वेगळे समजावून सांगायला नको. आणि या पाचही सवयी पाहण्याच्या आहेत, म्हणजे अक्षरशः परिवीक्षेच्या.

याखेरीज गाडीची किल्ली कोणत्या बोटात अडकवावी, गाडीतून कसे उतरावे, इथपर्यंतचे शेकडो नियम आहेत. त्यांचे मूळ विसाव्या शतकाच्या आरंभीच्या गतिअभ्यासात सापडते. फ्रँक गिलब्रेथने गवंड्याच्या एक वीट रचण्याच्या १८ हालचाली पाचांच्या आसपास आणल्या होत्या. फ्रेडरिक टेलरचा शास्त्रीय व्यवस्थापनावरील ग्रंथ १९११चा. या विचारावरची सर्वांत भेदक टीका हॅरी ब्रेव्हरमनने १९७४ साली केली. काम करणाऱ्याच्या हातून विचार काढून घ्यायचा आणि कृती तेवढी ठेवायची, असा त्याचा आक्षेप होता. ब्रेव्हरमन स्वतः तांबटकाम शिकलेला असल्याने त्या टीकेला हाताची साक्ष आहे. तरीही पार्सलच्या गाडीपाशी ती थोडी अपुरी पडते, असे आमचे मत आहे. येथे विचार पुरता काढून घेता येतच नाही.

चालकाचा वेळ जातो कोठे? बाहेरच्याला वाटते, रस्त्यावर. पण नवख्याचा वेळ मुख्यतः गाडीच्या पोटात जातो. फळ्यांना क्रमांक असतात, पुडक्यांना चिठ्ठ्या असतात, आणि तरी हवे ते पार्सल दुसऱ्याच फळीवर, मोठ्या खोक्याच्या मागे सापडते. एका थांब्यावर दोन मिनिटे शोधण्यात गेली, तर शंभर थांब्यांवर तीन तासांहून अधिक गेले. म्हणून मुरलेला चालक एका थांब्यावर उभा असताना पुढच्या चार-पाच थांब्यांची पार्सले नजरेखालून घालतो. सकाळी साडेदहाच्या आत द्यायची तातडीची पाकिटे तो आधी उरकतो; पाचला बंद होणारी दुकाने आणि कचेऱ्या घरांच्या आधी घेतो. गाडी मागे घेणे शक्यतो टाळतो, कारण आपटण्याची भीती तेथेच अधिक. अमेरिकेत वाहने उजवीकडून चालतात, म्हणून समोरची वाहतूक ओलांडून डावीकडे वळणे तो टाळतो. संगणकाने दिलेला क्रम केव्हा पाळावा आणि केव्हा मोडावा, हे त्याला कळते. कोणत्या अंगणात कुत्रा सोडलेला असतो, कोणत्या इमारतीचे मागचे दार उघडे असते, हे त्याने कोठे लिहून ठेवलेले नसते. आम्ही याला वाचनच म्हणू. पहिल्या वाचनात ते हाती येत नाही, एवढेच.

आमचा मतभेद आहे तो येथे. हे स्थलज्ञान रुजायला वेळ लागतो, आणि परिवीक्षा मात्र ठरावीक दिवसांत ठरावीक वेग मागते. मग नवखा काय करतो? तो धावतो. जेवणाची सुट्टी गिळून टाकतो. हजेरी लागण्याआधी तास-अर्धा तास येऊन फुकटात गाडी लावून घेतो. आकडा सुधारतो, पण तो खोटा असतो; दहा तासांचे काम नऊ तासांच्या नावावर चढलेले असते. कायम झाल्यावर हाच आकडा त्याच्या मानेवर बसतो आणि त्याच्यानंतर येणाऱ्यालाही तोच दाखवला जातो. म्हणून जुने चालक नव्यांना एकच गोष्ट पुनःपुन्हा सांगतात : धावू नकोस, पद्धत सोडू नकोस, जेवणाची वेळ कोणाला देऊ नकोस. हा सल्ला आळशीपणाचा मुळीच नाही. धावणाऱ्याचा पाय मुरगळतो, घराचा क्रमांक चुकतो, चुकलेले पार्सल परत आणायला वीस मिनिटे जातात. सावकाश वाटणारा माणूस संध्याकाळी आधी परततो, हे त्या धंद्यात सर्वांना ठाऊक असते. परीक्षाच तेवढी उलट दिशेने रचलेली आहे. शिकणाऱ्याची परीक्षा घ्यायची तर पहिल्या आठवड्याच्या मानाने चौथ्या आठवड्यात तो काय पाहू लागला, हे तपासावे. अध्यापक म्हणून एवढे तरी आम्ही अधिकाराने म्हणू शकतो.

साहित्यात हा नवखेपणा फारसा आलेला नाही. चार्ल्स ब्युकोवस्कीच्या 'पोस्ट ऑफिस' (१९७१) या कादंबरीतला बदली टपालवाटप्या अनोळखी वाटांवर पाठवला जातो, आणि त्याचे हाल वाचताना हसू येते व लाजही वाटते. केन लोचच्या 'सॉरी वी मिस्ड यू' (२०१९) या चित्रपटाचे नाव घरी कोणी नसताना दारात टाकल्या जाणाऱ्या चिठ्ठीवरून घेतलेले आहे. आपल्या श्रमिकांच्या साहित्याने पिळवणूक समर्थपणे मांडली. नारायण सुर्व्यांनी १९६६ साली संग्रहाला 'माझे विद्यापीठ' हे नाव देऊन काम हेही शिक्षण असल्याचे ठणकावले. मात्र काम शिकताना हात कसा बसतो, डोळा कसा तयार होतो, याचे बारकाईचे गद्य मराठीत थोडे आहे. श्रमाविषयी कळवळा पुष्कळ, कुतूहल कमी, असे म्हटले तर रागावू नये.

इकडे पुण्या-मुंबईत तर प्रश्नाचे रूपच निराळे आहे. दुचाकीवर पाठीला पिशवी लावून फिरणाऱ्या मुलांना परिवीक्षा नसते, कारण बहुतेकांना नोकरीच नसते. ते कागदोपत्री 'भागीदार' असतात. २०२०च्या सामाजिक सुरक्षा संहितेत गिग कामगार आणि प्लॅटफॉर्म कामगार यांच्या व्याख्या आल्या. राजस्थानने २०२३ साली त्यांच्यासाठी स्वतंत्र कायदा केला. परंतु तीस दिवसांनंतर कायम होणे ही कल्पना या व्यवस्थेत बसत नाही. ग्राहकाने दिलेले तारे रोज नव्याने मोजले जातात, त्यामुळे पहिला दिवस आणि पाचशेवा दिवस यांत फरक उरत नाही. तपकिरी गाडीवरच्या चालकाला निदान एकतिसाव्या दिवसाची वाट पाहता येते.

यांतली काही मुले मराठी विभागांच्या वर्गांतही बसतात, मागच्या बाकांवर, थोडी उशिरा येऊन. एम.ए.च्या प्रकल्पासाठी त्यांना दलित आत्मकथनांतील भाषा किंवा ग्रामीण कथेतील निसर्ग असे ठरीव विषय आपण देतो. सदाशिव पेठेतल्या कोणत्या वाड्याला दोन क्रमांक आहेत, कोणत्या संकुलाचा पहारेकरी कोणते फाटक उघडतो, पावसात पुडके कोरडे कसे ठेवावे, हे त्यांना ठाऊक असते. पंचवीस-तीस पृष्ठांत त्यांनी ते लिहून दिले, तर ते तपासायला आमच्यापाशी निकष नाहीत. ते निकष विभागाच्या पुढच्या बैठकीत ठरवता येतील.