संगणक तापला म्हणून लगेच नवे कार्ड घ्यायचे का?



आपल्या बेटावरून शिकायला मॉन्ट्रियलला गेलेल्या मुलांत आमचा एक भाचा आहे. जानेवारीतल्या एका पहाटे पाच वाजता त्याचा फोन आला. तिकडे आदल्या रात्रीचे आठ वाजले होते. "मामा, बाहेर उणे वीस अंश आहे आणि माझा संगणक तापून बंद पडतो!"

तो वास्तुरचना शिकतो, म्हणून टेबलावर तीन पडदे. दोन जुने, सेकंदाला साठ वेळा चित्र बदलणारे. तिसरा नवा, एकशे चव्वेचाळीस वेळा बदलणारा. तिन्ही एकाच ग्राफिक्स कार्डाला जोडलेले. आराखडा काढताना कार्ड नव्वद अंशांच्या वर जाई, आणि काहीच काम नसतानाही साठाच्या खाली येत नसे. दुकानदाराने फोनवरच निदान केले : कार्ड गेले, सहाशे डॉलर टाका. आमची बहीण बँकेतली ठेव मोडायला निघालीच होती.

आम्ही तिला थांबवले. कार्ड तापले म्हणजे मेले, असे नव्हे. फार तापले की ते स्वतःचा वेग कमी करते, आणि तरीही भागले नाही तर जिवाच्या भीतीने बंद पडते. विचारायचे ते हे की, काम नसतानाही ते का तापावे?

अध्यापनाच्या प्रशिक्षणात एक नियम आमच्याकडून गिरवून घेतला होता : एका वेळी एकच गोष्ट बदला आणि लिहून ठेवा. भाच्याला वही घ्यायला लावली. आधी नवा पडदा काढला, दहा मिनिटे थांबला. आकडा पंचेचाळिसावर आला. पुन्हा जोडला, तर साठाच्या वर. मग तो पडदा जोडलेलाच ठेवून त्याचाही वेग साठावर आणला, आणि आकडा पुन्हा उतरला!

याचे कारण असे. काम नसले की कार्ड आपल्या स्मृतीची गती कमी करते. पण ही गती बदलायची ती एक चित्र संपून दुसरे सुरू होण्याच्या मधल्या क्षणात, नाहीतर पडदा लुकलुकतो. पडद्यांचे वेग निरनिराळे असले तर सर्वांचा तो क्षण एकत्र येत नाही. म्हणून कित्येक कार्डे स्मृती सतत पूर्ण वेगाने चालू ठेवतात. रिकामे बसलेले कार्ड तापते ते यामुळे.

काम करताना बंद पडण्याचे कारण मात्र वेगळे होते, आणि ते कळायला त्याने पाठवलेला फोटो पुरला. संगणकाची पेटी टेबलाखाली, भिंतीला चिकटून, विजेच्या हीटरच्या अगदी शेजारी! थंडीत खिडक्या बंद, खाली गालिचा, घरात मांजर. कार्डाचे पंखे तीच गरम हवा ओढत होते, आणि पात्यांवर मांजराच्या केसांचा नमदा बसला होता. पेटी हलवली. वीज तोडून, पंखा बोटाने धरून (तो मोकळा फिरू देऊ नये) फुंकणीने धूळ काढली. तिकडच्या कोरड्या हिवाळ्यात अंगावर वीज साठते, म्हणून आत हात घालण्यापूर्वी पेटीच्या धातूला स्पर्श करायला सांगितले. पंखा कायम पूर्ण वेगाने फिरवावा, असे एका मित्राने त्याला सुचवले होते. आम्हांला ते पटले नाही. नाक चोंदलेल्या माणसाला जोरात श्वास घे म्हणण्यासारखे ते आहे. आता आराखडा काढताना कार्ड ऐंशीच्या आत राहते.

आमची खरी तक्रार कार्डे बनवणाऱ्यांशी आहे. एका कार्डावर अनेक पडदे चालवण्याच्या कलेत कॅनडाचा मोठा वाटा. मॉन्ट्रियलजवळच्या डोरव्हालची मॅट्रॉक्स कंपनी १९७६ची. तिने २००२ मध्ये तीन पडद्यांचे पार्हेलिया कार्ड काढले. टोरांटोजवळच्या मार्कमची एटीआय १९८५ची. २००६ मध्ये ती एएमडीने विकत घेतली, आणि २००९ मध्ये आयफिनिटी आली. आज कार्डाच्या पेटीवर किती पडदे जोडता येतात ते ठळक छापतात, आणि क्वेबेकमध्ये फ्रेंचमध्येही छापावे लागते. पण भाच्याकडच्या पेटीवर, पडदे असमान असले तर कार्ड तापेल, हे एकाही भाषेत नव्हते. ती एक ओळ असती तर दुकानदाराला फोन करण्याची पाळीच आली नसती.

आणि आपल्याकडे? येथे मुलांना कळा दाबायला शिकवतो, पेटी उघडायला शिकवत नाही. समुद्राकाठच्या गावांत तर खारी, दमट हवा संगणकात शिरते; तेथे हे शिकवणे अधिकच निकडीचे. वहीचा तो प्रयोग एका तासिकेत करता येतो. त्यासाठी मंत्रालयाच्या परिपत्रकाची वाट पाहावी, असे आम्हांला वाटत नाही.

बहिणीची ठेव बँकेतच आहे. भाचा रविवारी खेळताना दोन्ही जुने पडदे काढतो आणि नव्याला पूर्ण वेग देतो. हीटरजवळची मोकळी झालेली जागा मांजराने घेतली आहे.