वाढत्या अंगाची बॅट

मुलाचा सदरा वाढत्या अंगाचा शिवावा हे आम्हांस मान्य आहे. परंतु क्रिकेटची बॅटही त्याच हिशेबाने घेणारे पालक पाहिले म्हणजे खेद वाटतो. जड बॅट मनगटास पेलत नाही. मुलगा ती खालच्या हाताच्या जोराने आडवी फिरवू लागतो, आणि ही खोड पुढे सहसा सुटत नाही. वरच्या एका हाताने समोर धरता येईल तीच बॅट घ्यावी, मग दोन वर्षांनी ती धाकट्या भावास (किंवा बहिणीस!) खुशाल जावो. लाकूड काश्मिरी विलोचे पुरे. अनंतनाग जिल्ह्यात संगम येथे अशा बॅटी होतात. इंग्लिश विलोहून त्या स्वस्त व कठीण, मात्र वजनास अधिक, म्हणून त्यांतील हलकी निवडावी. पात्यास जवसाचे तेल बेतानेच द्यावे, दांड्याच्या सांध्यास मुळीच नको. आणि ओल्या मैदानावर तिचे टोक टेकून उभे राहू नये.