‘झॉलीवूड’वर अन्याय



‘झुंड’ भारी, ‘नाळ’ संथ आणि ‘झॉलीवूड’ विस्कळीत, हा या चित्रपटांबद्दलचा आपल्या वाचकाचा निकाल पटला नाही. ‘नाळ’मधला छोटा चैत्या आईभोवती घुटमळतो, ते पाहायला सवड हवीच. दिग्दर्शक सुधाकर रेड्डी मूळचे छायालेखक (‘सैराट’ त्यांनीच टिपला), त्यांचा कॅमेरा घाई करत नाही. लांबला तो जवळजवळ 3 तासांचा ‘झुंड’! कॉलेजच्या संघाशी सामना झाल्यावर तो पसरतच जातो. दिग्दर्शक मंजुळेंची कात्री तिथे बोथट.

तृशांत इंगळे यांच्या ‘झॉलीवूड’मध्ये (2022) पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीची नाटकमंडळी आहेत. इथल्या वडसा गावच्या कंपन्यांची नाटकं दिवाळीनंतर मंडपात रात्र-रात्र जागून पाहणाऱ्या आम्हाला ती धांदल ओळखीची वाटते. आपल्या वाचकाने एकदा मंडईच्या (दिवाळीनंतरच्या जत्रेच्या) दिवसांत इकडे यावं, मग बोलू.

— एक वाचक, सिहोरा (ता. तुमसर, जि. भंडारा)