पहिल्या वर्षाचे ऋण

बारावीचा निकाल लागला की अनेक सुशिक्षित घरांत एक वाक्य हमखास कानी पडते : 'दोन वर्षे खूप राबलास, आता पहिले वर्ष जरा निवांत घे.' या सल्ल्यामागे माया असते, यात शंका नाही. परंतु ही माया आता महाग पडू लागली आहे.

आमच्या पिढीला ती परवडत होती. परीक्षा वर्षातून एकदा. फेब्रुवारीत गाईड उघडावे, मार्चमध्ये जागरणे करावीत आणि सेकंड क्लास पदरात पाडून घ्यावा, हा सरधोपट मार्ग होता. आज सत्र पद्धतीत प्रत्येक सहामाहीचे गुण जमेस धरले जातात.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या डिसेंबर २०२२ च्या आराखड्यानुसार तीन वर्षांच्या पदवीसाठी १२०, तर चार वर्षांच्या ऑनर्स पदवीसाठी १६० श्रेयांक लागतात. चौथ्या वर्षी संशोधनाची वाट धरायची, तर पहिल्या सहा सत्रांत मिळून ७५ टक्के गुण हवेत. आता साधा हिशेब मांडून पाहावा. पहिल्या वर्षाच्या दोन सत्रांत ६० टक्क्यांवर थांबलेल्या विद्यार्थ्याला उरलेल्या चार सत्रांत सरासरी ८२.५ टक्के मिळवावे लागतील. निवांतपणाचे ऋण असे व्याजासह फेडावे लागते. अनेकांना ते फेडता येत नाही आणि संशोधनाचे दार मिटते.

मग उपाय काय? तो जुनाच आहे. व्याख्यानाचा एक श्रेयांक म्हणजे आठवड्यातील एक तास. तेवढाच वेळ त्याच आठवड्यात घरी द्यावा, टिपणे स्वतःच्या हाताने काढावीत, शंका प्राध्यापकांना तेव्हाच विचाराव्यात आणि अंतर्गत मूल्यमापनाचे काम अखेरच्या रात्रीवर ढकलू नये.

'गुण म्हणजे सर्वस्व नव्हे', असे कोणी म्हणेल. खरेच आहे. चार घटकांचे पाठांतर करून मिळवलेले गुण म्हणजे विद्या नव्हे. पण नित्य अभ्यासाची सवय ही विद्येचीच पहिली पायरी आहे, आणि सत्र पद्धतीत गुणही त्याच सवयीच्या मागून येतात.

पालकांनीही प्रश्न बदलावा. निकालाच्या दिवशी 'किती पडले?' असे विचारण्यापेक्षा रविवारी जेवताना 'या आठवड्यात नवे काय वाचलेस?' असे विचारावे. त्या उत्तरातच पुढचा निकाल दडलेला असतो.