आयात शुल्क शेवटी कुणाच्या बांधावर येतं?



हरभऱ्यावरचं आयात शुल्क वाढलं की आपल्याकडे आनंद आणि कमी झालं की शिव्या, हे दरवर्षीचंच. आज मात्र शुल्काची दुसरी बाजू आयुष्यभर मांडत बसलेल्या एका ऑस्ट्रेलियन शेतकरी-खासदाराबद्दल लिहितोय. सगळं पटेलच असं नाही, पण वाचा.

नाव बर्ट केली. जन्म १९१२. दक्षिण ऑस्ट्रेलियात ॲडलेडच्या उत्तरेला टार्ली गाव आहे, तिथे त्यांची शेती, गहू आणि मेंढ्या. १९५८ ला वेकफिल्ड मतदारसंघातून लिबरल पक्षाचे खासदार झाले. नावावर जाऊ नका, तिथला लिबरल म्हणजे उजव्या, जुन्या वळणाचा पक्ष. मधे बांधकाम खात्याचे आणि मग नौदलाचे मंत्री होते. १९६९ च्या निवडणुकीनंतर मंत्रिपद गेलं, १९७७ ला खासदारकीही संपली. पदं बघितली तर कारकीर्द बेताचीच.

त्यांची खरी लढाई होती आपल्याच सरकारशी. लिबरलांबरोबर सत्तेत कंट्री पार्टी होती, म्हणजे शेतकऱ्यांचा पक्ष. तिचे नेते जॉन मॅकइवन. हा माणूसही साधा नव्हता. लहानपणी पोरका झालेला, तेराव्या वर्षी शाळा सुटलेली, पहिल्या महायुद्धानंतर सैनिकांना मिळणाऱ्या जमिनीवर दूधधंदा उभा केलेला. व्यापारमंत्री असताना १९५७ ला जपानशी करार केला. युद्धाच्या जखमा ताज्या होत्या, लोक नाराज होते, तरी केला. पुढे दहा-बारा वर्षांत जपान ऑस्ट्रेलियाचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक झालं. हे श्रेय त्यांना द्यायलाच पाहिजे.

पण त्याच मॅकइवननी कारखानदारीला भरमसाट शुल्काचं कुंपण घातलं. धोरण असं की कारखान्यालाही संरक्षण, शेतीलाही मदत, सगळेच खूश. केलीसाहेबांनी विचारलं, मग पैसे कोण भरतंय?

त्यांचा हिशोब साधा होता. बाहेरच्या मालावर शुल्क लागलं की देशातला कारखानदारही भाव वाढवतो. तार, यंत्रं, गाडी, कपडे, सगळं महागतं. महागाई वाढली की मजुरी वाढते. कारखानदार तो खर्च गिऱ्हाईकावर ढकलतो. गहू आणि लोकर विकणारा शेतकरी कुणावर ढकलणार? त्याचा भाव जगाच्या बाजारात ठरतो. शिवाय आपण दुसऱ्या देशाचा माल घेतलाच नाही, तर आपला माल घ्यायला त्याच्याकडे पैसा कुठून येणार? म्हणजे शुल्क लागलं बंदरावर, वसूल झालं शेतातून.

शुल्क मंडळाचे जाडजूड, कंटाळवाणे अहवाल ते वाचत आणि संसदेत बोलत. सुरुवातीची बरीच वर्षं त्यांना साथ देणारे मोजकेच होते. १९६९ पासून त्यांनी एका आर्थिक वर्तमानपत्रात 'मॉडेस्ट मेंबर' नावाने सदर लिहिलं. त्यात शेजारचा शेतकरी फ्रेड, अर्थशास्त्री एकल्स आणि नवऱ्याने मंत्री व्हावं म्हणून मागे लागलेली मेव्हिस, अशी पात्रं. अवघड विषय फ्रेडच्या खिशापर्यंत आणून सोडायचा, ही त्यांची हातोटी. कृषी विस्तारात काम करणाऱ्या मित्रांनी यातून शिकण्यासारखं आहे.

गंमत बघा, १९७३ ला सगळी शुल्कं एका फटक्यात २५ टक्क्यांनी कमी केली ती विरोधी मजूर पक्षाच्या व्हिटलम सरकारने. पुढची मोठी कपातही हॉक-कीटिंगच्या मजूर सरकारांनीच केली. १९९७ ला केलीसाहेब वारले, तोपर्यंत त्यांचं म्हणणं सगळ्यांचं झालं होतं.

आता माझं मत.

पहिली गोष्ट, या धोरणाची किंमत कुणीतरी मोजलीच. २०१७ ला ऑस्ट्रेलियातला शेवटचा मोटार कारखाना बंद पडला, तो केलीसाहेबांच्याच राज्यात, ॲडलेडजवळ. शुल्क कमी होणं हे त्यामागचं एकमेव कारण नसलं तरी एक कारण होतंच. ज्यांचं काम गेलं त्यांना फ्रेडची गोष्ट सांगून काय उपयोग?

दुसरी गोष्ट, फ्रेडला जगाचा बाजार उघडा होता. आपल्याकडे भाव चढला की दार लागतं. डिसेंबर २०२३ ची कांदा निर्यातबंदी विसरलो नाही आपण. आयात खुली आणि निर्यात बंद, याला खुला बाजार म्हणत नाहीत. आणि दोन-तीन एकरवाल्याला धक्का पचवायची ताकद नसते, त्याला आधार लागणारच.

तिसरी गोष्ट, आपण वाढवलेलं शुल्क तिकडच्या फ्रेडला लागतं. डिसेंबर २०१७ ला भारताने हरभऱ्यावर ३० टक्के शुल्क लावलं, काही महिन्यांत ते ६० वर गेलं. तिकडे आपल्यासाठीच हरभरा पेरणारे शेतकरी अडकले. २०२४ च्या मे महिन्यात शुल्क शून्यावर आलं, तेव्हा अडकलो आपण. पेरताना एक नियम, काढताना दुसरा. नुकसान दोन्हीकडच्या शेतकऱ्याचं.

म्हणून मला वाटतं, शुल्क वाढवा की घटवा यापेक्षा आधी दोन मागण्या धराव्यात. पेरणीआधी धोरण जाहीर करा आणि हंगाम संपेपर्यंत हलवू नका. आणि शेतमालावरच्या शुल्काबरोबर आमच्या निविष्ठांवरच्या शुल्काचाही हिशोब मांडा. ठिबकच्या नळीत, फवारणीच्या औषधात, ट्रॅक्टरच्या सुट्या भागात शुल्काचा वाटा किती, हे आपल्यापैकी कुणी कधी विचारलंय का?

मत मागायला येणाऱ्याला हमीभाव विचारतोच आपण. यावेळी हेही विचारा. उत्तर आलं तर इथे नक्की लिहा.