गाडीची वही आणि ड्रायव्हरची वही

परदेशात राहते घर विकून मोटारीत संसार थाटणाऱ्या कुटुंबांचे व्हिडिओ आपली मुले मोबाइलवर मोठ्या आवडीने पाहतात. गाडीतच पलंग, गाडीतच चूल, पाण्याची टाकी आणि न्हाणीघर. आज डोंगरात मुक्काम, उद्या समुद्राकाठी. अमेरिकेत काही जण बारा महिने असेच राहतात. आपल्या राज्य सरकारनेही २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले. असे घर आपल्याकडे कुणाचे असते का, असे मुले आम्हाला विचारतात. आम्ही म्हणतो, असते. तुमच्याच वर्गातल्या कितीतरी मुलांचे अब्बा महिन्यातले वीस-वीस दिवस अशा घरात काढतात. त्याला कुणी पर्यटन म्हणत नाही, ट्रक म्हणतात, एवढाच फरक.

आपल्या यवतमाळ जिल्ह्याला हे दृश्य नवे नाही. श्रीनगरपासून कन्याकुमारीपर्यंत जाणारा, देशातला सर्वांत लांब राष्ट्रीय महामार्ग ४४, म्हणजे आपल्या तोंडी बसलेला जुना ‘सात नंबर’, हिंगणघाट सोडल्यावर वर्धा नदी ओलांडून वडकीला आपल्या जिल्ह्यात येतो. करंजी, पांढरकवडा, पाटणबोरी करत तो पैनगंगेपलीकडे तेलंगणात उतरतो. दुसरा मार्ग, क्रमांक ३६१, कळंब, यवतमाळ, आर्णी, महागाव, उमरखेड असा नांदेडकडे जातो. वणीचा कोळसा, जिनिंगमधल्या कापसाच्या गाठी, सिमेंट, धान्य सगळे याच वाटांनी धावते. आपल्या मोहल्ल्यांतून पाहिले तर कुणी ड्रायव्हर, कुणी क्लीनर, कुणी पाटे बसवणारा, कुणी टायरवाला, कुणी ताडपत्री शिवणारा. निम्म्या घरांची रोजीरोटी या ना त्या नात्याने चाकाशी बांधलेली असते.

त्याही आधी हा जिल्हा तांड्यांचा. बंजारा समाज शेकडो बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून दूरदूरच्या बाजारांत नेत असे. दख्खनमध्ये उतरलेल्या फौजांनाही रसद पुरवत असे. पुढे रेल्वे आली, पक्के रस्ते आले आणि बैलांवरचा तो व्यापार बसला. तांडे हळूहळू एका जागी स्थिरावले. त्या तांड्याची एक गोष्ट मात्र आजच्या ट्रकला नाही. तांडा निघाला की बायकामुले, म्हातारी माणसे, शिधा, औषधपाणी सगळे सोबत निघत असे. दमलेल्या माणसाकडे पाहणारे कुणीतरी जवळ असे. ट्रकने मात्र एका घराचे दोन तुकडे केले. एक तुकडा केबिनमध्ये आणि दुसरा गावी. पूर्वी केबिनमध्ये निदान क्लीनर तरी सोबतीला असायचा. आता खर्च वाचवायचा म्हणून कितीतरी गाड्या एकट्या ड्रायव्हरवर धावतात.

आम्हाला आज जे सांगायचे आहे ते या दोन तुकड्यांविषयीच आहे. गाडीची देखभाल आपण जितक्या काळजीने करतो, तितकी गाडी चालवणाऱ्याची करतो का?

गाडीची देखभाल कशी होते, ते एकदा नीट पाहण्यासारखे आहे. चांगला ड्रायव्हर पहाटे गाडी सुरू करण्याआधी तिच्याभोवती पूर्ण फेरी मारतो. ऑइलची काडी ओढून पातळी पाहतो, रेडिएटरचे पाणी पाहतो. हातातल्या टॉमीने एकेक टायर ठोकतो. हवा पुरी असेल तर आवाज घट्ट येतो, कमी असेल तर बद बद असा येतो. दुहेरी चाकांत आतल्या टायरची हवा गेली तर डोळ्यांना चटकन दिसत नाही, कानाला मात्र कळते. मग तो चाकांचे नट पाहतो, पाट्यांमधले एखादे पान तुटले का ते पाहतो, हवेच्या टाकीत साठलेले पाणी काढून टाकतो. ते पाणी साठत राहिले तर ब्रेकच्या नळ्यांत आणि व्हॉल्व्हमध्ये शिरते. ट्रेलर असेल तर काम आणखी वाढते. पुढच्या इंजिनाच्या भागाला ड्रायव्हर लोक ‘घोडा’ म्हणतात. मागच्या ट्रेलरची खुंटी या घोड्यावरच्या ताटलीत नीट अडकली आहे का, तिथे ग्रीस आहे का, दोघांमधल्या हवेच्या नळ्या कुठे घासत तर नाहीत ना, हे पाहिल्याशिवाय जाणता माणूस गाडी हलवत नाही.

शिवाय गाडीची वही असते. ऑइल कधी बदलले, ग्रीसिंग कधी झाले, कोणता टायर कुठे चढवला, रिमोल्ड कधी केला, सगळे किलोमीटरसह लिहिलेले. विमा कधी संपतो, पीयूसी कधी संपते, फिटनेस कधी करायची याच्या तारखा असतात. मालवाहू गाडी आठ वर्षांची होईपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी फिटनेस करावी लागते. एक तारीख चुकली तरी दंड बसतो, म्हणून मालक ती विसरत नाही.

आता ड्रायव्हरची वही उघडून पाहू. ती बहुतेक घरांत नसतेच. डोळे कधी तपासले? आठवत नाही. साखर कधी पाहिली? पाय सुजला होता तेव्हा. सलग सात तास झोप कधी मिळाली? यावर तो नुसता हसतो. मालवाहू गाडीचा परवाना दर पाच वर्षांनी नवा करताना डॉक्टरचे प्रमाणपत्र जोडावे लागते. तो कागद फाइलमध्ये लागतो आणि तपासणीचा खरा हेतू पुष्कळदा बाजूलाच राहतो.

झोपेविषयी कायद्याने फार पूर्वीच विचार केला होता. १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने दिवसाला आठ तास, आठवड्याला ४८ तास आणि सलग पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती असा दंडक घालून दिला. पण तो पाच किंवा त्याहून अधिक कामगार असलेल्या धंद्यांसाठी होता. आपल्याकडे एक-दोन गाड्यांचे मालकच जास्त, त्यामुळे हा दंडक कागदावरून केबिनपर्यंत फारसा पोहोचलाच नाही. आणखी एक गोष्ट. जीएसटीच्या ई-वे बिलाची मुदत साधारण मालासाठी दर २०० किलोमीटरला एक दिवस अशी मोजली जाते. म्हणजे सरकारी कागद दिवसाला २०० किलोमीटरच्या हिशेबाने चालतो. रात्रीत ६०० किलोमीटर तोडायची घाई कागदाची नसते. ती फोनवर दर तासाला ‘कुठवर आलास?’ विचारणाऱ्यांची असते. माल चढवायला दोन दिवस रांगेत उभे राहायचे आणि तो वेळ झोपेतून वळता करायचा, हा या धंद्यातला जुना अन्याय आहे.

शरीर मात्र हा हिशेब मान्य करत नाही. पहाटे दोन ते पाच आणि दुपारी जेवणानंतरचे दोन तास डोळा लागण्याचा धोका सर्वांत जास्त असतो. जांभया सुरू झाल्या, मागचे दोन-चार किलोमीटर कसे गेले ते आठवेना, गाडी आपोआप कडेला सरकू लागली, की समजावे, मेंदू क्षण-दोन क्षण झोपून उठतो आहे. अशा वेळी चहा, तंबाखू, मोठ्याने गाणी यांनी डोळे उघडे राहतात, पण झोप हटत नाही. गाडी सुरक्षित जागी लावून वीस मिनिटे डोळे मिटणे हाच तातडीचा इलाज. त्यासाठी जागाही हळूहळू होत आहेत. महामार्गांवरच्या काही पेट्रोल पंपांवर ट्रकचालकांसाठी ‘अपना घर’ नावाची विश्रामस्थाने सुरू झाली आहेत. तिथे पलंग, आंघोळीची सोय आणि स्वयंपाकाची जागा मिळते. नव्याने तयार होणाऱ्या, साडेतीन टनांहून अधिक वजनाच्या मालवाहू ट्रकची केबिन वातानुकूलित असणे २०२५ मध्ये बंधनकारक झाले आहे. विदर्भातला मे महिना आणि पायाशी तापलेले इंजिन ज्यांनी सोसले आहे, त्यांना याचे मोल सांगायला नको. जुन्या गाड्यांचे ड्रायव्हर मात्र अजून ओला गमछा डोक्याला बांधूनच चालवणार.

आपल्या दीनने मुसाफिराकडे किती मायेने पाहिले आहे, याची आठवण इथे करायला हवी. सफरीत चार रकअतींची फर्ज नमाज दोन रकअतींची होते. रमजानात मुसाफिराला रोजा पुढे ठेवून नंतर कझा करण्याची मुभा आहे. जकातीच्या आठ हकदारांत ‘इब्नुस्सबील’ आहे, म्हणजे शब्दशः वाटेचा मुलगा, वाटेत अडकून पडलेला प्रवासी. (किती अंतरावर कसर लागू होते, याविषयी इमामांमध्ये मतभेद आहेत. ते आपल्या आलिमांना विचारावे.) सफर माणसाला थकवते, हे ज्या दीनने इबादतीतही मान्य केले, तिथे थकलेल्या ड्रायव्हरने थांबणे हा आळस कसा ठरेल? काही ड्रायव्हर भाई रोजा ठेवून भर उन्हात गाडी चालवतात आणि घरचे त्यांचे कौतुक करतात. त्यांच्या नियतीला आमचा सलाम. पण स्टीअरिंगवर चक्कर आली तर समोरून मोटारसायकलवर येणारे एक अख्खे कुटुंब त्या चाकांसमोर असते. परक्याचा जीव ही आपल्या हातातली अमानत आहे. दिलेली सवलत घेण्यात कमीपणा नाही.

या कामात घरच्यांचा वाटा फार मोठा आहे, म्हणून आता थोडे माताभगिनींशी बोलू. घरून जाणारा फोन प्रेमाचाच असतो, पण गाडी चालू असताना तो धोका ठरतो. वेळ ठरवून घ्या. जेवणाचा थांबा, रात्रीचा मुक्काम, अशा वेळी तोच फोन करील. पहिला प्रश्न ‘पैसे कधी पाठवता?’ असा नसावा, ‘झोप झाली का?’ असा असावा. मुलाची चुगली, घरमालकाची कटकट, सासरची कुरबुर तो घरी येईपर्यंत थांबू शकते. आणि तो दोन दिवसांसाठी घरी आला की ते दोन दिवस लग्नाच्या आमंत्रणांत आणि उसनवारीच्या हिशेबांत संपवू नका. पहिली रात्र त्याला झोपू द्या. मुलांना सांगा, अब्बा रुसलेले नाहीत, दमलेले आहेत.

शाळेत आम्ही पाहतो, पालकसभेला या मुलांकडून बहुधा अम्मी किंवा दादीच येते. मुले वडिलांना सामानाच्या पिशवीतून ओळखतात, कुठून काय आणले यावरून. त्यांच्यासाठी एक सोपी गोष्ट सुचवतो. घरात भारताचा नकाशा लावा. अब्बांनी फोनवर सांगितलेले गाव मुलांनी त्यावर शोधून खूण करावी. आमच्या वर्गात आदिलाबाद, निजामाबाद, सागर, झाशी ही नावे ज्या मुलांना धड्याआधीच ठाऊक असतात, ती बहुधा ड्रायव्हरांचीच मुले असतात. जे वडील घरात दिसत नाहीत, ते असे अभ्यासात तरी भेटतात.

आता त्या दुसऱ्या वहीविषयी. एक साधी शंभर पानी वही घ्या आणि पहिल्या पानावर नाव, रक्तगट, कोणती औषधे चालू आहेत, कशाची ॲलर्जी आहे, हे लिहा. पुढच्या पानावर वर्षातून एकदा डोळ्यांची तपासणी आणि सहा महिन्यांनी साखर व रक्तदाब, तारखेसह. चाळिशी उलटली असेल आणि रात्री समोरच्या दिव्यांनी डोळे फार दिपत असतील, तर तपासणीला वर्षाची वाट पाहू नका.

तिसऱ्या पानावर कागदपत्रे. परवाना कधी संपतो, गाडीचा नंबर, मालकाचे नाव व फोन, विमा कंपनी आणि पॉलिसीचा क्रमांक. मालक स्वतःच गाडी चालवत असेल तर १५ लाख रुपयांचे वैयक्तिक अपघात संरक्षण असते, ते चालू आहे का पाहा. पगारी ड्रायव्हर असेल तर त्याची जोखीम पॉलिसीत धरली आहे का, हे मालकाला विचारा. कामावर मृत्यू किंवा अपंगत्व आल्यास भरपाई मागण्याचा हक्क आपल्या देशात १९२३ च्या कायद्यापासून आहे. पण तो माणूस आपल्याकडे कामाला होता, हेच पुढे नाकारले जाते. म्हणून पगार शक्यतो बँकेत घ्या, बिल्टीचे आणि भत्त्याच्या चिठ्ठ्यांचे फोटो घरी पाठवायला सांगा. असंघटित कामगारांसाठी २०२१ पासून ई-श्रम नोंदणी सुरू आहे, तीही करून घ्या. बँक खात्याला वारसाचे नाव लावले आहे का, ते आजच पाहा. आमच्या ओळखीच्या एका घरात तरुण ड्रायव्हर अपघातात गेला. त्याच्या बायकोला मालकाचे पूर्ण नावसुद्धा माहीत नव्हते. इद्दतीचे दिवस तिने कागद शोधण्यात घालवले. ते आठवले की आजही आमचा जीव कासावीस होतो.

शेवटच्या पानावर मदतीचे फोन. राष्ट्रीय महामार्गासाठी १०३३, रुग्णवाहिकेसाठी १०८, पोलिसांसाठी ११२. आणि एक सूचना लाल अक्षरांत लिहा. थंडीत काचा बंद करून केबिनमध्ये कोळशाची शेगडी किंवा स्टोव्ह पेटता ठेवून झोपायचे नाही. त्या विषारी वायूला वास नसतो, झोपलेल्या माणसाला तो जागही येऊ देत नाही.

ही वही भरायला एक संध्याकाळ पुरते. तो पुढच्या वेळी घरी येईल, पोटभर झोपेल, मग चहाच्या वेळी दोघांनी मिळून ती लिहा. मोठ्या मुलाला किंवा मुलीलाही जवळ बसवा, आणि वही कुठे ठेवली आहे ते घरातल्या सर्वांना सांगून ठेवा. रस्त्यावर असलेल्या आपल्या सर्व माणसांना अल्लाह सुखरूप घरी आणो. आमीन.