मोटार कोणती घ्यावी : अमेरिकन बळाची की जर्मन कसबाची?

व्यापारी मनुष्य मालाची पारख करण्यात सारे आयुष्य घालवितो. मूठभर दाणा तळहातावर घेऊन तो पोत्याचा भाव सांगतो. कापडाचा पोत बोटांनी चाचपून ते किती धुण्यांना टिकेल याचा अंदाज बांधतो. परंतु स्वतःच्या हौसेची वस्तू खरेदी करावयाची वेळ आली म्हणजे हीच पारख तो पेढीवर ठेवून बाहेर पडतो, असा सर्वसाधारण अनुभव आहे. मोटारीच्या बाबतीत तर हे विशेषच खरे आहे.

आज आपल्या व्यापारी कुटुंबांतील कित्येक मुलेमुली अमेरिकेत व जर्मनीत नोकरी-व्यवसायानिमित्त स्थिरावली आहेत. इकडेही काही घरांत हौसेची मोटार घेण्याइतकी ऐपत आली आहे. त्यामुळे पूर्वी केवळ चित्रांत पाहावयाच्या दोन जातींच्या मोटारींविषयी आता घरांतून वाद झडतात. एक अमेरिकेची ‘मसल कार’, म्हणजे साध्या अंगाच्या गाडीत अवाढव्य इंजिन बसविलेली दांडगी मोटार. आणि दुसरी जर्मनीची ‘स्पोर्ट्स कूपे’, म्हणजे दोन दारांची, ठेंगण्या छपराची, वळणदार रस्त्यावर धावण्यासाठी घडविलेली मोटार. तरुण मंडळी वेगाच्या आकड्यांवर भांडतात, वडील मंडळी किमतीच्या आकड्यावर. आमच्या मते दोन्ही पक्ष मुख्य मुद्दा सोडून बोलतात. कोणती मोटार अधिक धावते हा खरा प्रश्न नव्हे. कोणती आपल्याला पोसवते हा आहे.

मालाची पारख करावयाची तर प्रथम त्याचे मूळ पाहिले पाहिजे. जनरल मोटर्स या अमेरिकन कंपनीत मध्यम आकाराच्या गाडीस ३३० घन इंचांहून मोठे इंजिन बसवू नये असा अंतर्गत नियम होता. तिच्याच पाँटियॅक विभागाने, जॉन डीलोरियन हे मुख्य अभियंता असताना, १९६४ सालच्या मध्यम गाडीत ३८९ घन इंचांचे, म्हणजे सुमारे ६.४ लिटरचे इंजिन बसविले. आणि ही काही स्वतंत्र गाडी नव्हे, गिऱ्हाइकाने मागितल्यास द्यावयाचे जादा सामान आहे, अशी पळवाट काढली. हीच ती ‘जीटीओ’. पहिल्याच वर्षी तिचे ३२,००० हून अधिक नग खपले. त्याच वर्षी १७ एप्रिल रोजी फोर्ड कंपनीने न्यूयॉर्कच्या विश्वप्रदर्शनात ‘मस्टँग’ लोकांपुढे आणली. काटेकोर बोलणारे तिला ‘पोनी कार’ म्हणून वेगळी काढतात. पण व्यवहारात ती याच कुळात मोजली जाते. ली आयाकोका यांच्या पुढाकाराने झालेल्या या गाडीचा सांगाडा कंपनीच्याच ‘फाल्कन’ या साध्या घरगुती गाडीचा होता. मूळ किंमत केवळ २,३६८ डॉलर. मात्र मोठे इंजिन व इतर सामान यांची लांबलचक यादी पुढे ठेवलेली. गिऱ्हाइकाने दारात यावे ते स्वस्त किमतीला भुलून, आणि जावे ते यादीतील चार वस्तू घेऊन! दोन वर्षांच्या आत १० लाख मस्टँग तयार झाल्या. हे यंत्रविद्येपेक्षाही विक्रीकलेचे यश होते, हे व्यापाऱ्यास निराळे सांगावयास नको.

जर्मन मालाचे मूळ याच्या नेमके उलट आहे. सप्टेंबर १९६३ मध्ये फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात पोर्शे कंपनीने ‘९०१’ नावाची मोटार मांडली. मधोमध शून्य असलेल्या तीन आकडी नावांवर आमचा हक्क आहे, अशी हरकत फ्रान्सच्या प्यूजो कंपनीने घेतली, म्हणून तिचे नाव ‘९११’ झाले. तिचे इंजिन अवघे दोन लिटरचे, सहा सिलिंडरचे, हवेने थंड होणारे आणि मागील चाकांच्याही मागे बसविलेले. शक्ती १३० अश्वशक्ती, वजन एक टनाहून थोडे अधिक. अमेरिकेत तिची किंमत सुमारे ६,५०० डॉलर पडे. म्हणजे एका पोर्शेच्या पैशांत दोन मस्टँग घेऊन वर बरीच रक्कम शिल्लक राही. कमी वजन, नेमका जोड आणि वर्षानुवर्षे केलेली सुधारणा यांची ती किंमत होती.

हा भेद दोन देशांच्या रस्त्यांतून आला आहे. अमेरिकेतील शर्यतीचा लोकप्रिय प्रकार म्हणजे पाव मैलाची सरळ धाव. उभ्या जागेवरून कोण प्रथम सुटतो, एवढाच त्यात प्रश्न. जर्मनीतील मोटारींची परीक्षा होते ती १९२७ मध्ये सुरू झालेल्या न्यूरबर्गरिंग या डोंगराळ मार्गावर. त्याचा जुना उत्तर भाग सुमारे २१ किलोमीटरचा असून तो चढउतारांनी व वळणांनी भरलेला आहे. शिवाय तेथील ऑटोबान या महामार्गांच्या बऱ्याच भागांवर वेगाची सक्तीची मर्यादा नाही. तेथे प्रश्न असतो तो वळणावर गाडी किती सावरते आणि तासन्‌तास वेगाने धावल्यावर ब्रेक किती विश्वासाने लागतात, याचा. एकाने बळ वाढविले, दुसऱ्याने तोल सांभाळला. योगायोग असा की दोघांच्याही चिन्हांत घोडा आहे. मस्टँगवरील घोडा माळरानावर मोकाट धावणारा. पोर्शेच्या चिन्हातील घोडा स्टुटगार्ट नगराचा, आणि त्या नगराचे नावच मुळी घोड्यांच्या पैदाशीच्या बागेवरून पडलेले आहे.

आता दोन्ही पेढ्यांची वाटचाल पाहू. १९७० च्या सुमारास अमेरिकेत दांडग्या मोटारींवरील विम्याचे हप्ते भडकले, त्याच वर्षी हवेच्या शुद्धतेचा कडक कायदा आला, आणि ऑक्टोबर १९७३ मध्ये तेलसंकट कोसळले. १९७४ सालच्या मस्टँगमध्ये आठ सिलिंडरचे इंजिनच मिळेनासे झाले; तिचे सर्वांत मोठे इंजिन २.८ लिटरचे, १०५ अश्वशक्तीचे होते, आणि तेही जर्मनीत बनलेले! तरीही ती लहान मस्टँग उदंड खपली, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. बाजाराचे वारे फिरताच माल बदलण्याचे धारिष्ट फोर्डने दाखविले. पोर्शेने मात्र आपला माल बदलला नाही, सुधारला. मागच्या भारामुळे ९११ वळणावर शेपूट फेकते अशी तक्रार होती. म्हणून १९६९ सालच्या गाडीत पुढच्या व मागच्या चाकांमधील अंतर ५७ मिलिमीटरने वाढविण्यात आले. पुढे कंपनीच्या धुरीणांनीच ९११ बंद करून तिच्या जागी ‘९२८’ ही पुढे इंजिन असलेली गाडी आणण्याचे योजिले होते. १९८१ मध्ये प्रमुखपदी आलेल्या पीटर शुट्झ यांनी तो बेत फिरविला. ९२८ चे उत्पादन १९९५ मध्ये संपले. ९११ आजही चालू आहे. मे २०१७ मध्ये दहा लाखावी ९११ तयार झाली, आणि ऑगस्ट २०१८ मध्ये एक कोटीवी मस्टँग. जवळजवळ एकाच वयाच्या दोन मालांचा हा खप शेजारी शेजारी मांडला, तर घाऊक दुकान आणि जवाहिऱ्याची पेढी यांतील अंतर स्पष्ट होते. दोन्ही धंदे प्रामाणिक. पण गिऱ्हाइकाने आपण कोणत्या दुकानात उभे आहोत हे ओळखले पाहिजे.

आपल्याकडे एक ग्रह दृढ झालेला आहे, की जर्मन वस्तू म्हणजे उत्तम आणि अमेरिकन मोटार म्हणजे नुसता आवाज व पेट्रोलचा धूर. मालाकडे न पाहता छापाकडे पाहून भाव ठरविणे व्यापाऱ्यास शोभत नाही. एके काळी या टीकेत तथ्य होते. सर्वसाधारण मस्टँगची मागील चाके २०१४ पर्यंत एकाच ताठ आसाने जोडलेली असत. त्यामुळे खडबडीत वळणावर एका चाकास बसलेला धक्का दुसऱ्यासही जाणवे. २०१५ सालच्या गाडीपासून ती चाके स्वतंत्र झाली आणि तो उणेपणा बराचसा गेला. उलट वजनाच्या बाबतीत जर्मन मोटारीही आता पूर्वीसारख्या सडपातळ राहिलेल्या नाहीत. बीएमडब्ल्यूची पहिली एम-३ १९८६ मध्ये शर्यतीच्या नियमांची पूर्तता करण्याकरिता निघाली तेव्हा ती हलकी व चपळ होती. तिच्याच कुळातील आजची एम-४ वजनात मस्टँगच्या पंक्तीस बसते. गुणांतील अंतर घटले आहे. किमतीतील घटलेले नाही. अमेरिकेत नवी ९११ आजही आठ सिलिंडरच्या मस्टँगच्या दुपटीहून अधिक किमतीस पडते.

म्हणून आम्ही या प्रश्नाचा निकाल खतावणीवर लावतो. मस्टँग हा खर्च आहे. तो उघड आहे, मोजता येतो आणि दरवर्षी घसाऱ्यात धरता येतो. तिचे इंजिन अमेरिकेत गावोगावच्या कारागिरांच्या परिचयाचे आहे, सुटे भाग मुबलक मिळतात, आणि ज्याने ती घेतली त्याला आपण काय घेतले हे ठाऊक असते. पोर्शे ९११ हे गुंतलेले भांडवल आहे. नीट राखलेल्या ९११ ची किंमत इतर मोटारींच्या मानाने पुष्कळ टिकते. हवेने थंड होणाऱ्या, १९९८ पर्यंतच्या कित्येक गाड्या तर मूळ किमतीहून अधिक भावाने विकल्या जातात. पण भांडवल म्हटले की ते राखण्याचे कामही आलेच. वेळच्या वेळी तेल, ब्रेक, टायर, जाणत्या हातांची देखभाल आणि प्रत्येक दुरुस्तीचा कागद जपणे, यांत कसूर झाली की ते भांडवल विरघळते.

तिसरी एक गोष्ट आहे आणि तीच सर्वांत धोक्याची. ती म्हणजे स्वस्तात मिळालेली जुनी जर्मन मोटार. तिला आम्ही कर्ज म्हणतो. सात-आठ वर्षांची बलवान बीएमडब्ल्यू किंवा मर्सिडीज नव्या मस्टँगहून कमी दामात मिळते, हे पाहून तरुण हुरळून जातो. परंतु बाजार मूर्ख नसतो. किंमत एवढी उतरली ती का, हे व्यापाऱ्याच्या मुलाने प्रथम विचारावे. गाडीची किंमत निम्म्याहून खाली आली तरी तिच्या सुट्या भागांची व दुरुस्तीची किंमत नव्या गाडीचीच राहते. १९९७ नंतरच्या, पाण्याने थंड होणाऱ्या पहिल्या पिढीतील साध्या ९११ मध्ये इंजिनातील एका मधल्या दांड्याचे बेअरिंग निकामी होऊन सबंध इंजिन वाया जाण्याचे प्रकार घडले आणि तो विषय अमेरिकेत न्यायालयापर्यंत गेला. असा माल डोळे मिटून घेणे म्हणजे नाकापेक्षा मोती जड करून घेणे होय.

मग आमचे मत काय? जो तरुण अमेरिकेत स्वतःच्या पगारावर राहतो, सरळ व लांब रस्त्यांवर प्रवास करतो आणि चार-पाच वर्षांनी गाडी बदलण्याचा ज्याचा बेत आहे, त्याने नि:संकोच मस्टँग घ्यावी. त्यात कमीपणा मानू नये. २०२३ अखेर शेव्हरोलेची कॅमेरो व डॉजची जुनी चॅलेंजर यांचे उत्पादन थांबले. त्या जुन्या घराण्याचा वारसा मस्टँगने चालू ठेवला आहे. ज्याची ऐपत नवी किंवा कागदपत्रांनिशी राखलेली ९११ घेण्याची आहे, आणि पंधरा-वीस वर्षे ती सांभाळण्याचा ज्याचा स्वभाव आहे, त्याने ती घ्यावी. ती त्याला फसविणार नाही. या दोहोंच्या मध्ये राहून जर्मन नाव अमेरिकन किमतीत मिळविण्याचा मोह मात्र टाळावा.

भारतात राहणाऱ्यांसाठी दोन शब्द अधिक. पूर्ण तयार स्थितीत आयात होणाऱ्या मोटारीवर आपल्याकडे जबर कर पडत आला आहे. तीच मस्टँग २०१६ मध्ये उजव्या बाजूच्या चाकासह अधिकृतपणे येथे विक्रीस आली तेव्हा तिची किंमत ६५ लाख रुपये ठेवण्यात आली होती. अमेरिकेत जिचा सारा गुण स्वस्ताईत आहे, ती येथे आल्यावर आपला मुख्य गुणच बंदरावर ठेवून येते. पुढे २०२१ मध्ये फोर्डने भारतातील उत्पादन बंद करण्याची घोषणा केली. म्हणजे जो न्याय डेट्रॉइटच्या रस्त्यावर लागू, तो इंदूर, वडोदरे वा हैदराबाद येथे उलटा होतो. येथे, घ्यावयाचीच असेल तर, ज्या कंपनीची दुरुस्तीची व्यवस्था आपल्या गावापासून गाठता येईल तिचीच घ्यावी. बेळगावहून चोर्ला घाटाने गोव्यास जाताना चारशे अश्वशक्तींपैकी किती उपयोगास येतील, याचाही शांतपणे विचार करावा.

अखेरीस वडीलधाऱ्यांना एक विनंती आणि तरुणांना एक. वडिलांनी मुलाच्या हौसेस तोंडावर नकार देऊ नये. त्याच्यासमवेत कागद घेऊन बसावे. किंमत, विम्याचा हप्ता, टायर, वार्षिक देखभाल आणि पाच वर्षांनंतरची विक्रीची किंमत असे पाच आकडे त्याच्याच हातून लिहवून घ्यावे. विम्याचा हप्ता तर गाडी ठरविण्यापूर्वीच विचारावा. तरुण चालक व मोठे इंजिन यांची सांगड विमा कंपन्यांना काय वाटते, हे त्या एका आकड्यात कळते. आणि तरुणांनी ही मोटार पेढीच्या खेळत्या भांडवलातून घेऊ नये. माल भरण्याच्या हंगामात ज्या पैशाने दुकानाची पत राहते, तो पैसा घराबाहेर झाकून ठेवलेल्या गाडीत अडकला, तर ती गाडी कितीही वेगवान असो, दुकान मागे पडते. हौस करावी ती आपल्या उचलीतून, आपल्या नावे, आणि घरातील सर्वांना सांगून.

घोडा अमेरिकेचा असो की जर्मनीचा, त्याला रोज दाणावैरण द्यावी लागते. ती आपल्या कमाईतून देता येईल एवढाच घोडा दारी बांधावा.